आईच्या नावावरचे टिंब



आमच्या दारावर आजोबांच्या नावाची पाटी आहे. तिच्याखाली वडिलांचे नाव खडूने लिहिलेले आहे. आईचे नाव कुठेच नाही. तालुक्याच्या गावी लेसर कटिंगचे दोन दिवसांचे शिबीर होते. बाईंनी आम्हा चौघांना नेले, तेव्हाच मी ठरवले, की आपण आईच्या नावाची पाटी करायची. आईचे नाव मंदा.

लेसर म्हणजे काय? भिंगाने उन्हाचा ठिपका पाडून आपण कागद जाळतो ना, तसेच हे यंत्र प्रखर प्रकाश एका बिंदूवर आणून लाकूड कापते. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला. लाकूड कापणाऱ्या यंत्रात बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर असतो. तो बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी १९६४ साली शोधला. त्यांचा जन्म आपल्या महाराष्ट्रात बारामतीला झाला आणि ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. हे ऐकून आम्हाला फार अभिमान वाटला. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात तर २००२ सालापासून अशा यंत्रांची फॅब लॅब आहे.

साहित्य : तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवुड, संगणक, इंकस्केप हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर, लेसर यंत्र, पॉलिश पेपर.

कृती : मी संगणकावर मोठ्या अक्षरात ‘मंदा’ लिहिले व त्याची बाह्यरेषा काढली. सरांनी प्लायवुड ठेवून झाकण लावले. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून झाकण उघडे ठेवून यंत्र चालवायचे नाही. धूर ओढणारा पंखा सुरू करायचा. यंत्र सोडून कुठे जायचे नाही, कारण लाकूड पेटू शकते. पीव्हीसी तर कधीच कापायचे नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

पहिली चूक : झाकण उघडले तर अक्षरे सुटी! संगणकात प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या शिरोरेघेवर थोडी चढलेली असते. यंत्राला काय कळणार? जिथे रेघ, तिथे त्याने कापले. मग सगळ्या आकृत्या एकत्र जोडायची आज्ञा देऊन एकच बाह्यरेषा केली. आता शिरोरेघेने सगळी अक्षरे हातात हात धरल्यासारखी एकत्र राहिली.

दुसरी चूक : या वेळी शब्द अखंड निघाला, पण पाटीवर होते ‘मदा’. टिंब कुठे गेले? ते शिरोरेघेला चिकटलेले नसतेच, म्हणून जाळीतून खाली पडले होते. एक जण म्हणाला, “दारावर खळीने चिकटव की!” पण पावसाळ्यात ते निघून गेले तर आई पुन्हा मदाच होणार. मला ते पटले नाही.

मग टिंबापासून शिरोरेघेपर्यंत एक बारीक मान काढली. एक मिलिमीटरची मान पॉलिश करताना मोडली. तीन मिलिमीटरची केली, ती टिकली. चौथ्या खेपेला पाटी पुरी झाली.

काय शिकलो : यंत्र हुशार नसते. आपण जे काढतो तेच ते कापते. म्हणून आधी कागदावर काढून बघावे, की कापल्यावर कोणता तुकडा सुटा होईल. आणि प्लायवुडचा मोठा तुकडा वाया घालवण्याआधी लहान तुकड्यावर करून पाहावे.

घरी आल्यावर आई म्हणाली, “माझं नाव कशाला गं?” पण तिने शिरोरेघेवरून बोट फिरवले, टिंबापाशी थांबली आणि म्हणाली, “हे पडणार नाही ना?” मी म्हटले, “नाही पडणार.”

पाटी आज या भित्तिपत्रकाशेजारी लावली आहे. पालकांनी खुशाल हात लावून पाहावे. उद्या ती आमच्या दारावर जाईल.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी