धांवण्यापूर्वीं हवामान कोणास विचारावें?

सन 2024 च्या मे महिन्याची 30 तारीख पुष्कळ नागपूरकरांच्या स्मरणांत असेल. त्या दिवशीं शहरांतील एका स्वयंचलित हवामान-केंद्राच्या यंत्रानें 56 अंश सेल्सिअस तापमान दाखविलें, आणि ती वार्ता घटकाभरांत घरोघरीं पोंचली. सोनेगांव येथील यंत्रानेंहि 54 चा आंकडा दिला. परंतु त्याच दिवशीं खापरी व रामटेक येथील यंत्रें 44 अंशांवरच होतीं! पुढें हवामान खात्यानेंच खुलासा केला कीं, यंत्रांतील संवेदक बिघडल्यामुळें हे भलते आंकडे आले. त्यापूर्वींचा नागपूरचा उच्चांक 23 मे 2013 रोजींचा, 47.9 अंशांचा होता.

या प्रसंगानें एक प्रश्न उभा राहतो. पहांटे उठून सेमिनरी हिल्सची चढण किंवा अंबाझरीचा परिसर धांवत पालथा घालणारे आमचे विद्यार्थिमित्र निघण्यापूर्वीं मोबाइलवरील एखाद्या ॲपकडे पाहतात. त्या ॲपनें सांगितलेलें किती खरें मानावें, आणि अनेक ॲपांतून कोणतें निवडावें? हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं; नागपूरच्या उन्हांत तो प्रसंगीं जिवाचा होतो. म्हणून निवड करतांना पुढील तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : हें सांगणारा कोण? आपल्या देशांत हवामान खात्याची स्थापना 1875 सालीं झाली. त्या खात्याचें ‘मौसम’ नांवाचें ॲप 27 जुलै 2020 रोजीं सुरू झालें. त्यांत शहरवार सात दिवसांचा अंदाज, पुढील तीन तासांची सूचना व रंगांचे इशारे असतात. हिरवा म्हणजे चिंता नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. तांबडा म्हणजे तत्काळ पावलें उचला. इतर ॲपें कितीहि सुबक असलीं, तरी धोक्याचा अधिकृत इशारा या खात्याचाच होय. यास्तव तें एक ॲप प्रत्येकाजवळ असावें. चूक खात्याच्या यंत्राचीहि होते, हें आरंभींच आपण पाहिलें. परंतु ती चूक उघडपणें सांगणारा कोणी जबाबदार तेथें असतो, हाच मोठा भेद आहे.

दुसरा प्रश्न : हा आंकडा कोठला व केव्हांचा? पुष्कळांस वाटतें कीं, ॲपमधील तापमान आपल्या अंगणांत मोजलेलें आहे. तसें नसतें. संगणक पृथ्वीच्या पृष्ठभागाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचें हवामान गणितानें काढतो. 26 मे 2025 रोजीं कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या भारतीय पद्धतींत हा चौकोन सुमारें 6 किलोमीटरांचा आहे. परदेशी पद्धतींत बहुधा त्याहून मोठा असतो. एका चौकोनांत तलावाचा कांठहि येतो आणि तापलेला सिमेंटचा रस्ताहि. दोन ॲपांत दोन आंकडे दिसतात, त्याचें एक मोठें कारण हेंच. शिवाय प्रत्यक्ष मोजलेलें तापमान तरी सावलींतलें असतें. झडपांच्या पांढऱ्या पेटींत तापमापक ठेवण्याची रीत टॉमस स्टीव्हन्सन यांनीं घालून दिली. ‘ट्रेझर आयलंड’कार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ते वडील. त्या पेटींतील 42 अंश म्हणजे उन्हांत धांवणाऱ्याच्या अंगाला लागणारा ताप नव्हे. तो त्याहून पुष्कळ अधिक असतो. म्हणून अंदाज केव्हां अद्ययावत झाला, हें जें ॲप स्पष्ट दाखवितें आणि दिवसाचा एकच आंकडा न देतां तासातासाचा देतें, तेंच धांवणाऱ्याच्या कामाचें.

तिसरा प्रश्न : तापमानाखेरीज तें काय सांगतें? आपलें शरीर घामानें थंड होतें. परंतु घाम नुसता गळून उपयोग नाहीं, तो वाळला पाहिजे. मे महिन्यांत हवा कोरडी असल्यामुळें घाम झटकन् उडतो व किती पाणी गेलें हें कळतहि नाहीं. जुलैंत पारा उतरतो, पण दमट हवेंत घाम वाळत नाहीं आणि शरीराची उष्णता आंतच कोंडते. यास्तव ॲपांत आर्द्रता किंवा दंवबिंदु अवश्य पाहावा. दंवबिंदु 24 अंशांच्या वर गेला कीं वेग व अंतर दोन्ही कमी करावीं. थंडीच्या दिवसांत धुरकट सकाळीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें ‘समीर’ हें ॲप पाहावें; हवा वाईट असेल तर त्या दिवशीं घरांतच व्यायाम करावा.

पावसाळ्यांत विजेची गोष्ट वेगळी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें ॲप आपल्या आसपास 20 व 40 किलोमीटरांच्या परिघांतील विजेची सूचना देतें. तें जवळ नसेल तर कान आहेतच. ध्वनीस एक किलोमीटर यावयास सुमारें तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आली असें समजून पक्क्या इमारतींत जावें. झाडाखालीं मुळींच उभें राहूं नये. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये.

येथें रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांची आठवण होते. नागपुरांत शिक्षणाचा पाया घालणारे हे मिशनरी भूगर्भाचे व निसर्गाचे जाणते अभ्यासक होते. तरीहि सप्टेंबर 1863 मध्यें टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पावसानें फुगलेल्या ओढ्यांत बुडून त्यांचा अंत झाला. अलीकडे, 23 सप्टेंबर 2023 च्या पहांटे, अंबाझरी तलाव ओसंडून सखल वस्त्यांत पाणी शिरलें, तेंहि आपण पाहिलें. ओळखीचा ओढा आणि रोजची वाट यांचा भरंवसा पावसाळ्यांत धरूं नये. रात्रीं पाहिलेला अंदाज सकाळीं पुन्हां पाहावा, आणि वाटेवर पाणी वाहत असेल तर ॲप कांहींहि म्हणो, मागें फिरावें.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलास ॲप घेऊन दिलें म्हणजे काळजी संपली असें मानूं नये. उन्हाळ्यांत सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे साडेपांचच्या आसपास, हवा सर्वांत थंड असते. त्या वेळीं त्यास उठवावें, पाणी पाजून पाठवावें व एकटें पाठवूं नये. धांवतां धांवतां डोकें दुखणें, चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणें यांपैकीं कांहीं दिसल्यास तत्काळ थांबवून सावलींत न्यावें, अंगावर थंड पाणी ओतून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत पाणी घालूं नये.

सारांश, ॲप हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. चांगला साक्षीदार निवडावा, दुसऱ्याशीं त्याची जबानी ताडून पाहावी, दाराबाहेर येऊन आकाशाकडे एकदां दृष्टि टाकावी आणि मग निर्णय आपण घ्यावा. एक दिवस न धांवल्यानें कोणतीहि शर्यत हातची जात नाहीं. परंतु भलत्या वेळीं धांवल्यानें काय जाईल, हें सांगतां येत नाहीं.