लहान भूखंड आणि राखीव भूमी : अमेरिकेतील एका नगररचना-पद्धतीचा अभ्यास

शहराच्या वेशीबाहेर घरे वाढू लागली, की तेथील शेते, कुरणे आणि राया यांचे काय होणार, हा प्रश्न नगररचनेपुढे उभा राहतो. जमीन खाजगी मालकाची असते. तिच्यावर बांधकाम करण्याचा त्याचा हक्क सर्वस्वी नाकारणे न्याय्य ठरत नाही. आणि अशी सर्व जमीन विकत घेण्याइतका पैसा कोणत्याही स्थानिक संस्थेजवळ नसतो. या पेचातून मार्ग काढण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक पद्धत रूढ झाली. घरांची संख्या नियमाने मिळते तेवढीच राहू द्यावी, मात्र प्रत्येक घराचा भूखंड लहान करण्यास परवानगी द्यावी आणि त्यायोगे वाचलेली जमीन कायमची राखावी, असे तिचे सूत्र आहे. तेथे तिला प्रथम ‘क्लस्टर’, म्हणजे पुंजक्याची वसाहत, आणि पुढे संवर्धन-वसाहत असे नाव मिळाले.

सूत्र सोपे असले तरी ही एक देवघेव आहे. तीत जनतेच्या पदरात खरोखर काय पडते, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. घरांची मोजणी प्रामाणिक आहे काय? राखावयाची जमीन आधी निवडली गेली आहे काय? आणि ती पुढेही राखली जाईल, याची तजवीज झाली आहे काय? या तीन कसोट्यांवर या पद्धतीचे परीक्षण करणे उद्‌बोधक ठरेल.

मोठ्या भूखंडाचा नियम

ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली क्षेत्रविभागणीचे नियम वैध ठरविले. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे झपाट्याने पसरू लागली, तेव्हा अनेक गावांनी भूखंडाचे किमान क्षेत्र एक एकर, दोन एकर किंवा त्याहूनही अधिक ठरवून टाकले. घरे विरळ राहिली म्हणजे शाळा व रस्ते यांवरचा भार कमी राहील, विहीर आणि सेप्टिक टाकी यांत पुरेसे अंतर राहील आणि गावाचे ग्रामीण रूप टिकेल, अशी त्यामागील अपेक्षा होती.

प्रत्यक्षात ग्रामीण रूप टिकले नाही. सारी जमीन इंचाइंचाने वाटली गेली. घरे विरळ झाली खरी, परंतु शेत म्हणून कसता येईल किंवा रान म्हणून जपता येईल असा सलग पट्टा कोठेही उरला नाही. दोन एकरांचा तुकडा शेतीस अपुरा आणि अंगण म्हणून निगा राखण्यास अवाढव्य, अशी स्थिती झाली. घरे दूरदूर असल्याने रस्ते व नळ लांबले आणि जमिनीच्या किमतीमुळे बेताच्या उत्पन्नाचे कुटुंब अशा गावात येऊ शकेनासे झाले.

पद्धतीची वाटचाल

लहान भूखंड आणि सामाईक मोकळी जागा यांची सांगड नवी नव्हे. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखलेल्या न्यू जर्सीतील रॅडबर्न वसाहतीत १९२९ पासून कुटुंबे राहू लागली. तेथील घरे आटोपशीर भूखंडांवर असून त्यांची दारे सामाईक उद्यानाकडे उघडतात. मात्र ही योजना एका संस्थेने आखलेली होती. सामान्य विकासकाला तसे करावयाचे तर किमान भूखंडाचा नियमच आडवा येई. न्यूयॉर्क राज्याने १९६३ साली आपल्या नगर-कायद्यात कलम २८१ घालून ही अडचण दूर केली. घरांची संख्या न वाढविता भूखंडाचे क्षेत्र व अंतरे यांत बदल करण्याचा अधिकार त्यामुळे नियोजन मंडळांना देता येऊ लागला. हेच कलम पुढे २७८ या क्रमांकाने ओळखले जाऊ लागले. विल्यम व्हाइट यांनी १९६४ च्या आपल्या अहवालात आणि १९६८ च्या ‘द लास्ट लँडस्केप’ या ग्रंथात या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला.

तथापि आरंभीच्या अनेक वसाहतींत ‘मोकळी जागा’ म्हणजे घरे आखून झाल्यावर उरलेले कोपरे, असाच प्रकार होई. या उणिवेवर बोट ठेवून रँडल अरेंट यांनी १९९४ आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतून रेखांकनाचा क्रमच बदलण्याचा आग्रह धरला.

पहिली कसोटी : घरांची मोजणी

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास देवघेवीचा हिशेब स्पष्ट होईल. समजा, १०० एकरांचे एक शेत आहे आणि तेथे किमान भूखंड दोन एकरांचा आहे. शेतापैकी २० एकर जमीन पाणथळ व तीव्र उताराची असून ती बांधकामास अयोग्य आहे. नेहमीच्या रेखांकनात रस्त्यांना १० एकर लागतील. उरलेल्या ७० एकरांत दोन एकरांचे ३५ भूखंड बसतील. हीच या जमिनीची खरी घरसंख्या होय.

आता भूखंड अर्ध्या एकराचा, म्हणजे २० गुंठ्यांचा करण्यास परवानगी दिली, तर ३५ घरांना साडेसतरा एकर पुरतात. घरे जवळ आल्याने रस्ते आखूड होतात. त्यांना सहा एकर धरले, तर एकूण साडेतेवीस एकरांत वसाहत उभी राहते. साडेशहात्तर एकर शिल्लक राहतात. त्यांतून २० एकर अयोग्य जमीन वजा केली, तरी साडेछप्पन एकर चांगली जमीन सलग राखता येते. मालकाचे एकही घर कमी झाले नाही. रस्ते, गटारे व नळ यांवरचा त्याचा खर्च मात्र घटला.

मात्र हिशेबात फसगत होण्याची जागाही येथेच आहे. १०० एकरांना सरळ दोनाने भागून ५० घरे मान्य केली, तर १५ घरे मोबदल्यावाचून अधिक दिली गेली, असे होते. म्हणून अनेक ठिकाणी अर्जदाराकडून आधी नेहमीच्या पद्धतीचे रेखांकन मागविले जाते. त्यात पाणथळ, पूररेषा, उतार आणि जमिनीची पाणी शोषण्याची क्षमता दाखवावी लागते आणि त्यावरूनच घरांची संख्या ठरते. तसेच, जी २० एकर जमीन कोणत्याही परिस्थितीत बांधता येत नव्हती, तीच ‘राखली’ म्हणून दाखविण्यास वाव ठेवू नये. ती देवघेवीत जमेस धरणे म्हणजे जनतेचेच जनतेला देण्यासारखे आहे.

दुसरी कसोटी : रेखांकनाचा क्रम

नेहमीच्या रेखांकनात आधी रस्ते, मग भूखंडांच्या रेषा, मग घरे आणि शेवटी उरलेली मोकळी जागा असा क्रम असतो. अरेंट यांची पद्धत नेमकी उलट असून तिच्या चार पायऱ्या आहेत.

१. प्रथम राखावयाची जमीन नकाशावर रंगवावी. तिचे दोन वर्ग करावेत : पहिल्यात पाणथळ, पूरक्षेत्र व तीव्र उतार, दुसऱ्यात बांधता येण्याजोगी, परंतु जपण्यास योग्य अशी जमीन, उदाहरणार्थ सुपीक शेत, जुनी वनराई, ओढ्याकाठचा पट्टा किंवा ऐतिहासिक वास्तूचा परिसर.

२. त्यानंतर घरांच्या जागा ठरवाव्यात, जेणेकरून अधिकाधिक घरांना राखीव भूमी दिसेल.

३. मग त्या घरांना जोडणारे रस्ते व पायवाटा आखाव्यात.

४. सर्वांत शेवटी भूखंडांच्या हद्दी ओढाव्यात.

लहान भूखंडावर विहीर आणि सेप्टिक टाकी कशी बसणार, ही आरोग्यविषयक हरकत रास्त आहे. तिच्यावर दोन उपाय योजले जातात. एक, जेथील माती पाणी चांगले शोषते तेथेच घरे घ्यावयाची. आणि दुसरा, शोष-क्षेत्र सामाईक मोकळ्या भूमीत ठेवून त्याचा हक्क दस्तात नोंदवावयाचा. याची सोय नसेल, तर भूखंड लहान करण्यास परवानगी देणे योग्य होणार नाही.

तिसरी कसोटी : कायमची तजवीज

नकाशावर हिरवा रंग दिला म्हणजे जमीन राखली गेली, असे नव्हे. वीस वर्षांनी किमती वाढल्या, की त्याच जमिनीवर नवा अर्ज येतो. यावर तेथे संवर्धन-सुविधाधिकाराचा उपाय योजतात. जमीन कोणाच्याही नावे असो, तिच्यावर बांधकाम न करण्याचे बंधन दस्ताने नोंदविले जाते आणि ते पुढील प्रत्येक खरेदीदारावर लागू राहते. या बंधनाचा धारक गाव, शासन किंवा जमीन-संरक्षण न्यास असतो. पाहणी करण्याचा आणि उल्लंघन झाल्यास दाद मागण्याचा अधिकार त्याला असतो. राज्यांच्या कायद्यांत एकसूत्रीपणा यावा म्हणून या विषयावरील नमुना कायदा १९८१ साली तयार करण्यात आला.

बंधनाइतकाच निगेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कुरणाची कापणी, वाटांची दुरुस्ती, घातक तणांचे निर्मूलन यांस दरवर्षी पैसा लागतो. केवळ घरमालकांच्या संघावर सारा भार टाकला आणि संघ विस्कळीत झाला, तर राखीव भूमी बेवारस पडते.

दोन वसाहती

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे मायकेल व जूडी कॉर्बेट यांनी सुमारे ७० एकरांवर व्हिलेज होम्स ही वसाहत १९७५ पासून उभारली. तेथे सुमारे २४० घरे आहेत. अरुंद रस्ते, लहान भूखंड, सामाईक फळबागा आणि बंद गटारांऐवजी पावसाचे पाणी मुरविणारे उथळ हिरवे चर ही तिची वैशिष्ट्ये होत.

दुसरे उदाहरण शिकागोच्या उत्तरेस ग्रेसलेक येथील प्रेअरी क्रॉसिंगचे. ६७७ एकरांच्या या जमिनीवर २,४०० घरांची योजना होती. १९८७ साली शेजारच्या रहिवाशांनी एकत्र येऊन ती जमीन विकत घेतली आणि तेथे सुमारे ४०० घरांचीच वसाहत केली. साठ टक्क्यांहून अधिक जमीन गवताळ प्रदेश, पाणथळ आणि सेंद्रिय शेती म्हणून राखली गेली. घराच्या प्रत्येक विक्रीच्या वेळी किमतीचा अर्धा टक्का संवर्धनाच्या प्रतिष्ठानाला देण्याची अट घालून निगेच्या खर्चाची सोय करण्यात आली. मात्र येथे भूखंडांबरोबर घरांची संख्याही मोठ्या प्रमाणात कमी केली गेली, हे विसरता येत नाही.

मर्यादा

ही पद्धत म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. एका शेतात पन्नास एकर, पलीकडच्या शेतात तीस एकर अशी राखीव बेटे तयार झाली, तर ना शेती टिकते ना वन्यजीव. गावाच्या एकूण नकाशात ही बेटे परस्परांना जोडण्याची आखणी आधीच असावी लागते. शेतीलगत घरे आली, की औषध-फवारणी व शेणखताच्या वासावरून तक्रारी उद्भवतात. शिवाय शहरापासून दूर अशी वसाहत झाली, तर रहिवासी मोटारीवरच अवलंबून राहतात. म्हणून मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी परगण्याने १९८० साली वेगळा मार्ग धरला. सुमारे ९३,००० एकरांच्या शेती-राखीव क्षेत्रात २५ एकरांस एक घर असा निर्बंध घालून, दर पाच एकरांस एक या प्रमाणात विकासहक्क अन्यत्र विकण्याची मुभा मालकांना देण्यात आली. एका शेतापुरती देवघेव येथे साऱ्या परगण्याला लागू झाली.

परवानगीची रीतही निर्णायक ठरते. दोन एकरांच्या भूखंडांना सहज मंजुरी आणि संवर्धन-वसाहतीला मात्र विशेष परवाना व लांबलेली सुनावणी, अशी व्यवस्था असेल, तर विकासक सोपी वाटच धरणार.

आपल्या दृष्टीने

भूखंड लहान झाला म्हणजे मालकाचे नुकसान झालेच, असे नव्हे, हा विचार आपल्याकडे अपरिचित नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून मूळ भूखंडाऐवजी लहान अंतिम भूखंड देऊन रस्ते व उद्याने यांसाठी जागा मिळविण्याची प्रथा आहे. १९७६ च्या कायद्यान्वये गुजरातेत ती व्यापक प्रमाणावर चालू असून वडोदऱ्याच्या वाचकांना ती परिचयाची असेल. महाराष्ट्रात ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. या दोन्ही तरतुदींचा हेतू नागरी सुविधा हा आहे. शेत वा रान सलग राखणे हा नव्हे. तरीही उपरोक्त तीन कसोट्या त्यांनाही लावता येतात. गोव्यातील खाजण जमीन किंवा डोंगरउतार हे पहिल्या वर्गातले होत. ते देवघेवीत मोजावयाचे नसून आधीच वगळावयाचे असतात.

सारांश, लहान भूखंडाची परवानगी ही सवलत नसून मोबदला आहे. मोबदला देणाऱ्याने आपल्याला काय मिळते, किती मिळते आणि किती काळ मिळते, हे दस्तावर सही होण्यापूर्वी पाहिले पाहिजे. घरे उभी राहिल्यानंतर हा हिशेब पुन्हा मांडता येत नाही.