दातांचा पूल

देवपुरात राहणाऱ्याला पूल म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. धुळे गावात जायचं म्हटलं की पांझरा ओलांडावीच लागते. मी स्थापत्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अबटमेंट, स्पॅन, डिफ्लेक्शन हे शब्द वर्गात वहीत उतरवून घेतले होते. पण ते खरे समजले ते दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभा असताना. खुर्चीत माझे वडील होते.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते बाजार समितीत मापाडी आहेत. मी बारावीत असताना त्यांची खालची डावी दाढ किडली आणि काढावी लागली. तोंडाच्या प्रत्येक पाव भागात आठ दात असतात. मधून मागे मोजत गेलं तर ही सहाव्या क्रमांकाची, म्हणजे पहिली मोठी दाढ. चावण्याचं सगळ्यात जास्त काम हीच करते. नाना म्हणाले, "एक दात गया ते काय व्हयनं? बाकीना सेतस ना!"

आपल्या बहुतेकांच्या घरी हेच उत्तर मिळतं. पण दात हे भिंतीतल्या विटांसारखे घट्ट बसलेले नसतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दात त्यावर जणू स्प्रिंगवर बसल्यासारखा असतो. शेजारची जागा रिकामी झाली की मागचा दात हळूहळू त्या खड्ड्याकडे कलतो, समोरचा वरचा दात खाली उतरू लागतो. मग फटीत अन्न अडकतं आणि चांगले दातही किडतात. म्हणून रिकामी जागा वेळेत भरावी लागते.

त्याचा एक मार्ग म्हणजे ब्रिज. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅप बसवतात आणि त्या दोन कॅपना मधला खोटा दात जोडलेला असतो. हे सगळं मिळून तीन युनिट. आधाराच्या दातांना दंतवैद्यही अबटमेंटच म्हणतात, मधल्या खोट्या दाताला पॉन्टिक. लक्षात घ्या, खोट्या दाताला स्वतःचं मूळ नसतं. त्याच्यावर पडणारा सगळा भार शेजारच्या दोघांनी उचलायचा असतो.

ब्रिजचे पैसे साधारणपणे युनिटवर मोजतात. नाना एका खासगी दवाखान्यात गेले आणि विचारून बसले, "एकाच बाजूला आधार दिला तर चालेल का? एका युनिटचे पैसे वाचतील." डॉक्टर आधी नको म्हणाले, मग तयार झाले. पाचव्या दातावर कॅप आणि तिला लटकलेली दाढ! म्हणजे आपल्या भाषेत कँटिलिव्हर. ते वर्ष माझ्या पहिल्या वर्षाच्या फीचं होतं. वाचलेल्या युनिटचे पैसे कुठे गेले हे मला फार उशिरा कळलं.

कँटिलिव्हर ब्रिज मुळातच चुकीचा असतो असं नाही. समोरच्या दातांत, जिथे चावण्याचा भार कमी असतो, तिथे तो विचारपूर्वक वापरतात. पण एकट्या उपदाढेच्या आधारावर अख्खी दाढ लटकवणं म्हणजे बारीक खांबाला मोठी गॅलरी काढणं. प्रत्येक घासाला आधाराच्या दातावर मोमेंट येतो आणि तो पिळवटला जातो. दोन वर्षांत नानांचा पाचवा दात हलायला लागला आणि शेवटी काढावा लागला. एक दात गेला होता, आता दोन गेले.

मी नानांना धुळ्यातल्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे लावून मला नियम समजावला. अँटे या दंततज्ज्ञाने १९२६ मध्ये तो मांडला. आधाराच्या दातांच्या मुळांचं हाडातलं क्षेत्रफळ हे गेलेल्या दातांच्या मुळांच्या क्षेत्रफळाएवढं किंवा जास्त असावं. दंतशास्त्राच्या पुस्तकांत दिलेली खालच्या जबड्याची सरासरी क्षेत्रफळं अशी, चौरस मिलिमीटरमध्ये: तिसरा दात (सुळा) २६८, चौथा १८०, पाचवा २०७, सहावा ४३१, सातवा ४२६.

आता आपण बेरीज करू. पहिल्या वेळी पाचवा आणि सातवा असे दोन आधार घेतले असते तर २०७ + ४२६ = ६३३. गेलेली दाढ ४३१ ची. भरपूर झालं. प्रत्यक्षात आधार होता फक्त २०७ चा! आता पाचवा आणि सहावा दोन्ही गेल्यावर उचलायचे ६३८, आणि चौथा व सातवा मिळून होतात ६०६. म्हणजे हिशेब थोडक्यात चुकतो. सुळाही घेतला तर ८७४ होतात, पण मग तीन चांगले दात घासावे लागतात.

हा नियम दगडावरची रेघ नाही. हिरड्या निरोगी असतील तर कमी आधारावरही ब्रिज टिकतात हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. पण दुसरं गणित आपल्या ओळखीचं आहे. बीमचं डिफ्लेक्शन स्पॅनच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. एका पॉन्टिकऐवजी दोन आले, स्पॅन दुप्पट झाला, तर त्याच भाराखाली वाकणं आठपट! तीन आले तर सत्तावीसपट. ब्रिज वाकला की वरची सिरॅमिक तडकते किंवा कॅपचं सिमेंट सुटतं.

सिरॅमिकवरून एक गंमत सांगतो. नेहमीच्या ब्रिजमध्ये आत निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियम धातू आणि वर सिरॅमिक असते. आरसीसीत स्टील आणि काँक्रीट यांचं तापमानाने प्रसरण जवळपास सारखं असतं म्हणून दोघांचं जमतं. इथेही तसंच, पण धातूचं प्रसरण मुद्दाम किंचित जास्त ठेवतात. भट्टीतून काढल्यावर धातू जास्त आकसतो आणि सिरॅमिकला दाबात ठेवतो. आपण प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये करतो तेच.

एवढं करूनही ब्रिज बिघडतो तो बहुधा पायथ्याशी. नदीच्या पुलाचा पाया पुराने खालून धुपतो, वरचा रस्ता मात्र ठणठणीत दिसतो. तसंच कॅपच्या कडेला, हिरडीजवळ अन्न साचतं आणि आतला दात किडतो. कॅपला कीड लागत नाही, दाताला लागते. म्हणून पॉन्टिकच्या खालून रोज खास धागा किंवा बारीक ब्रश फिरवावाच लागतो. नानांना हे कोणी सांगितलंच नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आता निर्णय. डॉक्टरांनी तीन मार्ग ठेवले: तीन दात घासून पाच युनिटचा ब्रिज, हाडात टायटॅनियमचे इम्प्लांट, किंवा काढता-घालता येणारी छोटी कवळी. इम्प्लांटला शेजारचे दात घासावे लागत नाहीत, पण खर्च मोठा, आणि नानांची तंबाखू सुटल्याशिवाय डॉक्टर त्याला हो म्हणेनात. ब्रिजसाठी दात वरून दीड-दोन मिलिमीटर घासतात. ते इनॅमल पुन्हा कधीच उगवत नाही. घरी येऊन मी नानांसमोर वही उघडली आणि वरची बेरीज करून दाखवली. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत होते. आयुष्यभर मापं केलेला माणूस, त्यांना ती लगेच कळली. म्हणाले, "मंग पयले काब्र नही सांगं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या वेळी मी सोबत गेलोच नव्हतो.

सध्या नाना कवळी वापरतात. रात्री ती पाण्याच्या वाटीत ठेवतात, सकाळी कुरकुरत बसवतात. तंबाखूची पुडी दिवसाला एकावर आली आहे. इम्प्लांटसाठी मी ट्यूशनचे पैसे बाजूला टाकतोय.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी "एक दात गेला तर काय झालं" म्हणत असेल. तर एवढं करा. दात काढण्याआधी रूट कॅनालने वाचतो का ते विचारा. काढलाच तर जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवू नका. ब्रिज ठरला तर आधाराचे दात कोणते, किती आणि त्यांच्या हिरड्या कशा आहेत हे एक्स-रेवर बघून घ्या, आणि खालून साफ कसं करायचं हे शिकूनच घरी या. पुलाची ताकद त्याच्या अबटमेंटमध्ये असते हे आपण परीक्षेत लिहितो. ते घरच्यांसोबत दवाखान्यात जाऊन एकदा बोलून दाखवा.