घरी बसवणं म्हणजे घरी शिकवणं नव्हे
वस्तीत फिरताना आम्ही बऱ्याच आयांकडून ऐकतो, "शाळेतल्या बाईंनीच सांगितलं, याला घरीच ठेवा." मूल मान धरत नाही, बोलत नाही, आई गप्प बसते.

ताई, २०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्याने तीव्र किंवा बहुविकलांग मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला आहे. पण तो निवडायचा मुलाने आणि तुम्ही. शाळेला नाव टाळायची ती पळवाट नव्हे. पटावर नाव घालाच. विशेष शिक्षक घरी कधी येणार, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारा, अर्जाची पोच घ्या.

तोवर जेवण हाच पहिला तास. आडवं निजवून भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाठीला आधार देऊन ताठ बसवा, मान मागे पडू देऊ नका. एका हातात केळं, दुसऱ्या हातात दूधभाताची वाटी धरा. "काय हवं?" विचारा आणि थांबा. मनात दहा मोजा. हे थांबणंच अवघड. वॉर्डात भरवताना आम्हीही घाईच करायचो. नजर जिकडे वळेल ते द्या. ते त्याचं उत्तर आहे. तारीख घालून वहीत लिहा, शिक्षक आले की दाखवा.