आरोग्य विमा : स्पर्धा हवी की सरकारी नियम?

विम्याचा हप्ता भरावा की नाही, हा प्रश्न आजकाल दवाखान्यात औषधाइतकाच विचारला जातो. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. आरोग्य विमा कंपन्यांच्या स्पर्धेवर सोडावा, की सरकारने नियम घालून तो सर्वांना मिळेल असे पाहावे? आज याविषयी थोडी माहिती घेऊ.

विम्याचे गणित

अनेकांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्यातून मदत करायची, हा विम्याचा साधा अर्थ. शंभर घरांनी वर्गणी भरली आणि चार-पाच घरांत मोठे आजारपण आले, तर हिशेब जुळतो. पण फक्त आजारी माणसेच विमा घेऊ लागली तर वर्गणी वाढते. ती वाढली की निरोगी माणसे बाहेर पडतात आणि वर्गणी आणखी वाढते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन खेड्यांसाठी विमा योजना चालविली. गावातील सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबे सामील झाली तरच योजना लागू, अशी तिची अट होती. अटीमागे हेच गणित आहे.

स्पर्धेचे फायदे-तोटे

१९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विमा व्यवसाय सरकारी झाला. १९८६ साली सरकारी कंपन्यांची मेडिक्लेम पॉलिसी आली. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना दार उघडले. त्यामुळे निवडीला वाव मिळाला. परंतु कापड दुकानदाराला प्रत्येक गिऱ्हाईक सारखेच, तसे विम्याचे नाही. कंपनीला निरोगी गिऱ्हाईक परवडते, मधुमेहाचा रुग्ण परवडत नाही. म्हणून स्पर्धा चांगली सेवा देण्यासाठी होते, तशीच निरोगी माणूस निवडण्यासाठीही होते. ज्याला विम्याची खरी गरज, तोच दाराबाहेर राहतो.

नियमांनी काय दिले?

येथे नियम उपयोगी पडतात. पूर्वी दावा केला म्हणून कंपनीला आरोग्य विम्याचे नूतनीकरण नाकारता येत नाही. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. सलग ६० महिने हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही.

सरकारची स्वतःची योजनाही आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ साली राज्यभर पसरली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे.

पण नियमांनाही मर्यादा आहेत. ठरलेले दर परवडत नाहीत, अशी रुग्णालयांची तक्रार असते. यादीतील रुग्णालय जवळ हवे. अकोले तालुक्याच्या डोंगरी भागातील रुग्णाला संगमनेर, लोणी किंवा नाशिक गाठावे लागते. शिवाय मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च या योजनेतून सुटत नाही.

मग उत्तर काय?

२०२० साली आलेली ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी पाहा. तिच्या अटी सर्व कंपन्यांना सारख्या, हप्ता मात्र ज्याचा त्याने ठरवायचा. अटी सारख्या असल्या की सामान्य माणसाला दरांची तुलना करता येते. मला हीच दिशा योग्य वाटते. कोणाला नाकारू नये आणि काय द्यावे, हे सरकारने ठरवावे; हप्ता व सेवा यांत कंपन्यांनी स्पर्धा करावी. ज्याला हप्ताच परवडत नाही, त्याच्यासाठी मात्र सरकारी योजना व चांगले सरकारी रुग्णालय यांना पर्याय नाही.

वाचकांनी काय करावे?

१. अर्जात आजार लपवू नका. एजंटच्या सांगण्यावरून ‘मधुमेह नाही’ असे लिहिणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. पुढे हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दावा नाकारला गेला, तर जमीन विकण्याची पाळी येते. त्यापेक्षा तीन वर्षे थांबणे परवडले. सही करण्यापूर्वी अर्ज स्वतः वाचा.

२. विमा तरुणपणी, प्रकृती ठणठणीत असताना घ्या आणि हप्ता चुकवू नका.

३. रेशनकार्ड व आधारकार्डावरील नावे जुळतात का, ते आजच पाहा. रुग्ण दाखल होतानाच योजनेच्या ‘आरोग्यमित्रा’ला भेटा.

४. घरात ७० वर्षे पूर्ण झालेले आई-वडील असतील, तर त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही.

५. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी फी नाही, वकीलही लागत नाही.

विमा आजार टाळत नाही. पण आजारामुळे येणारे कर्ज टाळू शकतो. कागदपत्रे नीट ठेवा आणि ती कोठे आहेत, हे घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही सांगून ठेवा.