घोडा जी५ वर गेल्यानंतरचं

विरार-नालासोपाऱ्याची मुलं घेऊन मी रविवारच्या रॅपिड स्पर्धांना जातो. पांढरी मोहरी आली की बहुतेकांचा डाव ठरलेला: ई४, समोरून ई५, घोडा एफ३, समोरून घोडा सी६, उंट सी४, आणि काळ्याचा दुसरा घोडा एफ६ ला आला रे आला की आपला घोडा जी५ वर. काळा डी५ करतो, आपण ते प्यादं मारतो. त्याने घोड्याने परत मारलं, तर एफ७ वर घोड्याचा बळी देऊन त्याचा राजा मध्यावर ओढायचा. हाच फ्राइड लिव्हर. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून तो पाठ होतो, आणि लहान गटात त्यावर बक्षिसंही मिळतात.

खरा फटका वरच्या गटात बसतो. नालासोपाऱ्याची एक मुलगी डाव हरून बाहेर आली, डोळे भरलेले. "सर, त्याने घोड्याने मारलंच नाही." समोरच्याने पाचव्या चालीला सी६ चा घोडा ए५ वर नेऊन उंटाला हुसकावलं होतं. उंटाने बी५ वरून शह दिला, सी६ वर मारामारी झाली, उंट मागे आला. मग एच६ ने जी५ चा घोडा हाकलला, ई४ ने त्याला पुन्हा पळवलं. तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं, पण तोवर काळ्याची फौज बाहेर पडली होती. पुढे काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून पालकांना कळकळीने सांगतो, पहिल्या वर्षी स्कॉच, व्हिएन्ना, किंग्ज गॅम्बिट असं थोडं थोडं सगळं शिकवू नका. एकच इटालियन घ्या, आणि तोही संथ. उंट सी४ ला आला की डी३, सी३, किल्लेकोट, हत्ती ई१. मग बी१ चा घोडा डी२, एफ१ करत जी३ ला. काळ्याचा घोडा ए५ ला येऊन उंट मारून नेऊ नये, म्हणून वेळेवर ए४ करून उंटाला ए२ ची जागा मोकळी ठेवायची. तयारी झाली की डी४ ची संधी शोधायची. इथे पाठांतर कमी लागतं आणि प्रत्येक चालीचं कारण मुलाला सांगता येतं. हा पोरखेळ नव्हे. २००० साली लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रामनिकने स्पॅनिशविरुद्ध बर्लिन बचाव लावला आणि कास्पारोव्हला त्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही. पुढे बर्लिन टाळायला जगातले अव्वल खेळाडूही याच संथ इटालियनकडे वळले.

दुसऱ्याच चालीला काळा वाट बदलतो, त्याची तयारी मात्र हवीच. पेट्रॉफमध्ये, म्हणजे काळ्याने घोडा एफ६ ला आणला तर, ई५ चं प्यादं घोड्याने मारा. काळ्याने घाईने ई४ चं मारलं, तर वजीर ई२. त्याचा घोडा पळाला की आपला घोडा सी६ वर, उघडा शह आणि वजीर खलास. जाणकार मात्र आधी डी६ करतो. तेव्हा घोडा एफ३ ला परत, आणि त्याने ई४ मारल्यावर घोडा सी३. घोडे मारले गेले तर डी-प्याद्याने परत मारा आणि वजिराच्या बाजूला किल्लेकोट करा.

नवख्या गटात दुसऱ्या चालीला प्याद्याची एफ६ही दिसते. १५१२ मध्ये दामियानो या पोर्तुगीजाचं बुद्धिबळाचं पुस्तक रोमला छापलं गेलं. ही चाल वाईट, असं त्याने तेव्हाच लिहिलं, तरी नाव त्याचंच चिकटलं. ई५ वर घोड्याने मारा. त्याने प्याद्याने घोडा घेतला की वजीर एच५, शह.

रॅपिडमध्ये चाली लिहिण्याची सक्ती नसते, त्यामुळे मुलं घरी येईपर्यंत डाव विसरतात. परतीच्या विरार लोकलमध्ये बसायला मिळालं की पहिल्या दहा चाली वहीत उतरवून घ्या, आणि आपली ओळखीची वाट कुठे सुटली तिथे खूण करा. पुढच्या आठवड्यात फक्त त्या खुणेवर बसायचं. इंजिन शेवटी लावा. घोडा तिथे का नेला, हे आधी मुलालाच विचारा.