कळसूबाई आणि ओला बनियन

जानेवारीतल्या एका रात्री साडेबाराला कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात गाडीतून उतरलो तेव्हा दात वाजत होते. सॅकमध्ये होतं नव्हतं ते अंगावर चढवलं: सुती बनियन, टीशर्ट, फ्लीस, वर विंडचीटर. सोबत चहाचं सामान वर नेणारा गावातला एक पोरगा होता. अंगात नुसता पातळ सदरा, स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बोज्यात खोचलेला. म्हणाला, "दादा, आत्ताच समदं घातलं, तर वर काय घालाल?" आम्ही हसलो.

पहिल्या शिडीपर्यंत पाठ निथळायला लागली. थांबून फ्लीस काढायला हवा होता, पण मागून साठेक जणांचा ग्रुप स्पीकर वाजवत येत होता. शिडीवरचा नंबर जाईल म्हणून तसेच रेटत राहिलो. (डोंगरात गाणी लावणाऱ्याला मी ट्रेकर म्हणत नाही. त्या रात्री आम्हीही काही फार वेगळे नव्हतो.)

सव्वाचारला १६४६ मीटरच्या माथ्यावर. सूर्य उगवणार सातनंतर. पहिली पाच मिनिटं वारा गोड लागला, मग बनियन बर्फासारखा पाठीला चिकटला. कोरड्या हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता पंचवीसेक पट वेगाने ओढतं, हे वाचलं होतं, तेव्हा कळलं. मित्राला विंडचीटरची चेन लावता येईना, बोटं वळत नव्हती. मग तो बोलायचा थांबला. गप्प बसणारा गडी नव्हे तो. त्याला माथ्यावरच्या देवळाच्या आडोशाला ओढला, ओले कपडे उतरवले, अंग पुसलं आणि पोराने दिलेला धुराच्या वासाचा कोरडा स्वेटर चढवला. गरम, गोड चहाचे दोन कप गेल्यावर साहेबांनी पहिली शिवी दिली, तेव्हा जिवात जीव आला.

तेव्हापासून निघताना थोडं कुडकुडायचंच. दहा मिनिटांत अंग तापतं. तापलं नाही तरच थर वाढवायचा. अंगालगत सुती काही नको, साधा पॉलिस्टरचा टीशर्ट पुरतो. जीन्स तर नकोच. विंडचीटर म्हणून रेनकोट घालून चढाल तर आतून भिजाल. थांबलात की बसायच्या आधी वरचा थर घाला, थंडी वाजेपर्यंत वाट पाहू नका. चाल अशी ठेवा की गप्पा मारता येतील; धापा टाकत चढलात की घाम आलाच. कोरडा बनियन, मोजे आणि कानटोपी पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि माथ्यावर पोचताक्षणी बदला, फोटोच्याही आधी. लाज वाटत असेल तर अंधार आहेच.

मुख्य म्हणजे मध्यरात्री निघूच नका. चढाला तीन-साडेतीन तास धरा आणि साडेतीनच्या सुमारास बारी सोडा. वाट मळलेली आहे, शिड्या आहेत, त्यावर वेगळं लिहायला नको.

जिच्या नावाचा हा डोंगर, ती कळसू म्हणे एका पाटलाकडे कामाला राहिली ती केर आणि भांडी करणार नाही या अटीवर. अट मोडली तशी डोंगरावर निघून गेली. आता तिच्याच देवळामागे पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे.

उतरताना मित्राने स्वेटरचे म्हणून पैसे पुढे केले. पोराने दोन चहांचे तेवढे मोजून घेतले.